कानापर्यंत हात

माणूस घरी येतो आणि घरात येत नाही, हे कुठलं वागणं? रोज सव्वासहाला दिगूची गाडी दारातल्या शेडखाली येऊन थांबायची. इंजिन बंद व्हायचं, दिवे बंद व्हायचे, आणि माझा पन्नाशीला टेकलेला मुलगा आतच बसून राहायचा. कधी अर्धा तास, कधी पाऊण. स्टेअरिंगवर दोन्ही हात, नजर समोरच्या भिंतीकडे. भिंतीवर काय होतं? पाण्याचं मीटर.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. चहा दोनदा गरम करायचा आणि तिसऱ्यांदा मोरीत ओतायचा, हे रोजचं झालं होतं.

"वृंदा, अगं बघ ना. अजून बसलाय," मी सुनेला म्हटलं.

वृंदा आमच्या सुखछाया रो-हाउसेसची सेक्रेटरी. जेवणाच्या टेबलावर पडद्यांच्या कापडाचे तुकडे पसरून बसली होती. बत्तीसही घरांना रस्त्याच्या बाजूने एकाच रंगाचे पडदे पाहिजेत, असा ठराव तिनं मीटिंगमध्ये पास करून घेतला होता. त्याआधी गच्चीच्या कठड्यावर पापड वाळत घालायचे नाहीत, हा ठराव केला होता. तो माझ्यासाठीच होता. बाकी कुणाच्या घरात पापड करतंय कोण?

"बसू द्या आई. तो त्यांचा मी-टाइम आहे."

"आमच्या यांना असला टाइम फक्त परसाकडे जाताना मिळायचा. तोही टमरेल हातात घेऊन."

"आई, प्लीज. हा मोतिया रंग बरा की हा बदामी?"

मला दोन्ही पांढरेच दिसत होते. सोफ्यावर नात लोळत होती. केतकी, सतरा वर्षांची, मोबाइलमधून मान वर न काढता बोलली, "आजी, बाबांना मिडलाइफ क्रायसिस झालाय. सगळ्यांच्या बाबांना होतो."

"म्हणजे गोवरासारखं?"

"तसंच. औषध नसतं, होऊन जातं."

गोवर अंगावर दिसतो तरी. पण खरं सांगायचं तर दिगूचंही अंगावर दिसत होतं. त्या वर्षी संक्रांतीपासून त्यानं केस रंगवायला घेतले होते. कपाळाच्या कडेला काळा डाग राहायचा, बूटपॉलिश केल्यासारखा. सकाळी पोहे सोडून वाडगाभर ओट्स खायचा. मी एकदा चाखून बघितले. आमच्या म्हशीनं तोंड फिरवलं असतं. रविवारी पहाटे कॉलनीतल्या पुरुषांबरोबर घट्ट चड्डी घालून सायकलीवर निघायचा. गंगापूर धरणापर्यंत जायचं, तिथं मिसळ खायची, फोटो काढायचे आणि परत यायचं. त्या मंडळीत कुणी त्याला दिगंबर म्हणत नव्हतं. 'डिगी' म्हणायचे. बापानं गाणगापूरला नवस बोलून ठेवलेलं नाव, त्याचं हे झालं.

मी त्याला तोंडावर बोललेसुद्धा. "घोडा झालास आणि वागणं पोराचं. आरशासमोर पोट आत ओढून कुणाला दाखवतोस?"

तो हसला होता. मार्चपर्यंत हसत होता. एप्रिलात सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच, केसांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलं, आणि हे गाडीत बसणं सुरू झालं.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. मे संपत आला होता आणि वृंदाची एक जूनची तयारी चालली होती.

एक जूनचं सांगायला पाहिजे. आमच्या कॉलनीत त्या दिवशी सात पुरुषांचा वाढदिवस असायचा. सातही जण खेड्यातून शिकून वर आलेले, आणि सातांतला एकही जूनमध्ये जन्मलेला नव्हता. आमच्या काळी पोर शाळेत घालायचं म्हटलं की दाखला कुणाकडे? गुरुजी पोराला समोर उभं करायचे आणि म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. बोटं कानाला लागली की सहा पूर्ण. मग गुरुजी शाळा सुरू व्हायच्या हिशेबाने एक जून तारीख टाकून मोकळे. म्हणून कॉलनीच्या क्लबहाउसमध्ये सातांचा मिळून एकच भला मोठा केक यायचा.

माझा दिगू मात्र त्या सातांत वेगळा होता, आणि ते मी हळदीकुंकवाला, भिशीला, सगळीकडे सांगत आले. बाकीच्यांचा हात सहाव्या वर्षी कानाला लागला, माझ्या पोराचा साडेचाराव्या वर्षी. थोरल्या जावेचा मुरली सहाचा होऊन पहिलीत बसला, आणि त्याच दिवशी माझा दिगू त्याच्या शेजारी बसला. बोरस्ते गुरुजी स्वतः म्हणाले होते, कौसाबाई, पोरगा चलाख आहे. मी दुसरी शिकलेली बाई. माझ्या आयुष्यात गुरुजींनी कौतुक केल्याचा तो एक प्रसंग.

तर कागदावर दिगूची पन्नाशी भरत होती. वृंदानं बॅनरवर सातांपैकी त्याचा फोटो मधोमध घ्यायला सांगितलं होतं.

एकोणतीस तारखेला चहाचा कप घेऊन मीच गाडीपाशी गेले. काचेवर टकटक केलं. त्यानं मला बघितलं, आणि कुलूप निघाल्याचा आवाज आला. मी वळसा घालून शेजारच्या सीटवर बसले. गाडीत उकडत होतं.

"पी."

त्यानं कप घेतला, प्यायला नाही.

"काय झालंय?"

"काही नाही, आई."

"तुला मी जन्म दिलाय. काही नाहीचं तोंड मला माहितीय."

मीटरकडे बघत तो बोलला, तेही सगळं एका दमात, पाठ केल्यासारखं. त्याची कंपनी अंबडला, पंप बनवायची. सत्तावीस वर्षं तो तिथं होता. ती दुसऱ्या कुणी विकत घेतली होती, आणि नव्या लोकांनी ठरवलं होतं की एक जूनपर्यंत ज्यांची पन्नाशी पूर्ण होते त्यांना घरी पाठवायचं. एकदाच यादी निघणार होती. यादीत शेवटचं नाव दिगूचं.

"एक दिवसानं, आई. तारीख दोन जून असती तरी मी यादीत नसतो."

"पण तू पन्नासचा नाहीसच. मार्गशीर्षातला तू. अठ्ठेचाळीस पूर्ण, वर सहा महिने."

"ते तुला माहितीय."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय सांगू? माझी आई म्हणते?"

"हो. तसंच सांगायचं. वृंदाला माहितीय?"

त्यानं मान हलवली. "तू बोलू नकोस. तिनं बॅनर छापायला दिलाय."

"पैशाचं म्हणशील तर गावाकडची जमीन..."

"पैसे देताहेत ते. पैशाचं नाही." कपावर साय धरली होती, ती तो बघत होता. "मला दोन तारखेला सकाळी उठून कुठं जायचं ते कळत नाही. म्हणून इथं बसतो. गाडीत असलो की वाटतं, कुठून तरी आलोय, नाहीतर कुठं तरी निघालोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इरकली लुगडं नेसले, नाकात नथ घातली आणि दिगू खाली यायच्या आत त्याच्या गाडीत जाऊन बसले. तो आला, दार उघडून बघत राहिला.

"उतर, आई."

"तू रोज बसतोस, तुला कुणी उतर म्हणतं का? चल. मी सांगते त्यांना."

तो पंधरा मिनिटं समजावत होता. मी मीटरकडे बघत बसले. शेवटी त्यानं गाडी काढली.

कंपनीत आम्हाला एका थंडगार खोलीत बसवलं. आत एक मुलगी आली, केतकीहून फार तर आठ वर्षांनी मोठी, नखांना जांभळा रंग. या पोरीच्या हातात माणसांना ठेवायचं-काढायचं खातं होतं. दिगू तिला बघून उठून उभा राहिला. सत्तावीस वर्षांचा जुना माणूस तो.

"अय्या, आजींना घेऊन आलात सर? किती गोड. आजी, पाणी घ्या ना."

"पाणी नको. याचं वय चुकलंय, ते दुरुस्त करून द्या."

तिनं दिगूकडे बघितलं. दिगू टेबलाकडे बघत होता.

"आजी, आमच्याकडे दहावीचं सर्टिफिकेट आहे सरांचं."

"ते शाळेवरून आलेलं. शाळेत वय मीच सहा सांगितलं, तारीख गुरुजींनी टाकली. हा मार्गशीर्षातला आहे, चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशीचा. पहाटेची वेळ. वांग्याचं भरीत उरलं होतं, ते मी बाळंतिणीनं खायचं का नाही यावरून सासू आणि सुईण भांडल्या होत्या."

मुलगी हसली नाही, हे तिचं चांगलं. "सुईण आहेत अजून?"

"वारली."

"सासूबाई?"

"त्या तर आधीच."

"म्हणजे आजी, पुरावा काही..."

"मी आहे ना. याच्या जन्माला मी हजर होते. तुमच्या त्या सर्टिफिकेटवर ज्यानं सही केली, तो होता का?"

ती मग मऊ आवाजात म्हणाली, "पण मग शाळेत वेगळं वय का सांगितलं?"

मला हाच प्रश्न पाहिजे होता. मी खुर्चीत सरसावून बसले आणि सगळी गोष्ट सांगितली, भिशीत सांगते तशी. डोक्यावरून हात, डावा कान, साडेचार वर्षं, बोरस्ते गुरुजी, कौसाबाई पोरगा चलाख आहे. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. हातातलं पेन तिनं खाली ठेवलं.

"म्हणजे आजी, वय पूर्ण नसताना पूर्ण आहे असं सांगितलं. मी तसं लिहून घेऊ शकते. पण मग ते सरांच्या रेकॉर्डला जाईल, की शाळेपासून माहिती खोटी आहे. नवीन मॅनेजमेंट मग वेगळंच काही काढेल. मिळणारे पैसेसुद्धा अडकतील."

मला आजवर खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. सासूनंसुद्धा नाही, आणि तिनं काही बाकी ठेवलं नव्हतं. पण ती पोरगी काही वाईट बोलली नव्हती. मी बोलले तेच तिनं मला परत वाचून दाखवलं होतं.

"राहू द्या, मॅडम," दिगू म्हणाला. "सही कुठं करायची ते सांगा."

चार ठिकाणी सही करायची होती. चौथ्या ठिकाणी पेन उमटेना, तेव्हा तिनं आपलं दिलं. निघताना दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "ॲडव्हान्समध्ये हॅपी बर्थडे, सर."

"थँक्यू," दिगू म्हणाला.

येताना तो गाडी अगदी सावकाश चालवत होता. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला म्हणाला, "आई, पहिलीतलं मला एकच आठवतं. गुरुजी फळ्यावर काढायला बोलवायचे. माझा हात खडू घेऊन खालच्या चौकटीपाशीच. मग ते मुरलीला सांगायचे, उचल रे याला. मुरली मला काखेत धरून उचलायचा आणि सगळा वर्ग हसायचा."

"पोरं हसतातच."

"मग मी चवड्यांवर उभा राहायला शिकलो. दहावीत, कॉलेजात, कंपनीत. सगळे माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठे. मला वाटायचं, मीच कमी आहे."

"वर्ष वाया जाऊ दिलं नाही मी तुझं."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. "दीड वर्ष लवकर गेलो आणि दीड वर्ष लवकर घरी आलो," तो म्हणाला. "फिट्टंफाट झाली." रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. तो नुसता सांगत होता.

एक जूनला संध्याकाळी क्लबहाउस फुलून गेलं. बॅनरवर सात जणांचे फोटो, मधला दिगूचा, फेब्रुवारीतला, केस काळे असलेला. सायकलवाल्यांनी त्याला एक लाल बनियन भेट दिलं होतं, पुढं मोठ्या आकड्यात पन्नास. ते शर्टवरूनच घालायला लावलं. वृंदा माइक घेऊन उभी होती, साडी मोतिया रंगाची. का बदामी होती कोण जाणे.

"सांगा बरं, आमचे हे पन्नाशीचे वाटतात का?"

"नाही," सगळे ओरडले.

"डिगी, बोल ना दोन शब्द," कुणीतरी म्हणालं. माइक त्याच्या हातात आला.

"मी पन्नासचा नाहीच," दिगू म्हणाला. लोक हसले. "खरंच नाही. आईला विचारा." सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. मी हसले. काय करणार? "आणि उद्यापासून मला ऑफिसही नाही." हशा आणखी वाढला. शेजारच्या बर्व्यांचा जाडा जावई म्हणाला, "मजा आहे बुवा." एकटी वृंदा हसायची थांबली. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

दिगूनं माइक टेबलावर ठेवला, केकच्या बाजूला. उजवा हात वर उचलला, डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. तसाच उभा राहिला.

गाणी लावणाऱ्या पोराला वाटलं नाचाची काहीतरी नवी तऱ्हा आहे. त्यानं ढोलाचं गाणं लावलं. पण बाकीच्या सहा जणांना ते माहीत होतं. आधी पाटील हसले आणि त्यांनी हात डोक्यावरून नेला. मग ते बँकेतले, मग देवरे सर. एकेक करून सगळ्यांनी कान धरले. सात टकली-पिकली माणसं केकभोवती कान धरून उभी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि लोक मोबाइल वर करून फोटो काढत होते. केतकीही काढत होती. मग तिनं बापाकडे नीट बघितलं आणि मोबाइल खाली घेतला.

सहा जण हसत होते. सातवा हसत नव्हता.

मी खुर्चीवरून उठले तोवर तो निघून गेला होता. केकवर सुरी टेकवून वृंदा तशीच उभी होती, कापावं की नाही अशी. मला म्हणाली, "आई, तुम्हाला ठाऊक होतं?" मी मान डोलावली.

तो कुठं गेला असेल हे मला शोधावं लागलं नाही. शेडखाली गाडीत होता, लाल बनियन अंगातच. उजेड अजून होता थोडा. मी दार उघडून बसले. क्लबहाउसमधला ढोल इथपर्यंत ऐकू येत होता.

आम्ही दोघंही मीटरकडे बघत बसलो. त्यातला काटा हळूहळू फिरत होता. कुणाच्या तरी घरात नळ चालू राहिला होता, बहुतेक आमच्याच.

"चहा करू?" मी विचारलं.

"नको."

"पिठलं टाकते."

"नको ना आई."

मग तो हसल्यासारखा झाला. हात पुन्हा उचलला. गाडीच्या टपाला कोपर लागलं, तशी मान वाकवली आणि डावा कान धरला.

"बघ, आता पोचतो," म्हणाला. "अख्खा कान हातात येतो."

त्या हाताकडे बघताना मला शाळेची ती खोली दिसली. शेणानं सारवलेली जमीन, गुरुजींचं टेबल, आणि शेजारी मुरलीला घेऊन उभी असलेली सरूबाई, माझी थोरली जाऊ. मुरलीनं एका दमात कान धरला होता. ती माझ्याकडे बघून हसली होती. त्याआधी महिनाभर मी दिगूचा हात रोज तेल लावून ओढत होते. रोज दोन बोटं कमी पडत होती. त्या दिवशीही पडली. मग मी त्याच्या मागं उभी राहिले, पदर पुढं घेतला.

चव्वेचाळीस वर्षं मी ती गोष्ट सांगत आले होते आणि एवढंच सांगायचं टाळत आले होते. दिगूनं कान सोडला नव्हता. मी त्याच्या कोपराला हात लावला आणि तो हळूच खाली घेतला.

"तुला घोडा म्हटलं मी, ते चुकलं," मी म्हणाले. "तुझा हात तेव्हा पोचला नव्हता, दिगू. सरूबाईपुढं माझं नाक राहावं म्हणून मी पदराआडून तुझं कोपर दाबलं. तू रडलास, आणि गुरुजींना वाटलं शाळेला भ्यालास. तू कधीच कमी नव्हतास रे. तू लहान होतास."